तोफ चढली, ओळख राहून गेली

युद्ध जवळ आलं की कोणत्याही देशाच्या आरमाराला आपल्या ताफ्यातली भोकं दिसायला लागतात. विनाशिका बांधायला वर्षं लागतात, आणि बंदराच्या तोंडाशी पहारा तर उद्या पहाटेपासून हवा असतो. मग नजर पडते ती बंदरातच दिवसरात्र राबणाऱ्या टगवर. ही बोट मोठ्या जहाजाला धक्क्याला लावते, कोळशाने भरलेले बार्ज ओढत नेते, रुतलेल्याला सोडवते. अंगाच्या मानाने तिचं इंजिन भलतंच दांडगं असतं आणि तिच्यावरच्या माणसांना त्या पाण्यातला खडक न् खडक पाठ असतो. सरकार मालकाला पैसे देतं, नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, एक तोफ बसवतं, बाजूला नंबर रंगवतं, निशाण चढवतं. झाली टगची गस्ती नौका.

अशा बोटी घेऊच नयेत, असं मी म्हणणार नाही. १९४० च्या मे-जूनमध्ये डंकर्कहून ३ लाख ३८ हजार सैनिक परत आले, त्यात थेम्स नदीतल्या टगांचाही हात होता. देशावर वेळ आली तर देशातली बोट देशाच्या कामी यायलाच हवी. माझा आक्षेप पुढच्या टप्प्याला आहे. बोट ताब्यात घेणं एका कागदावर, एका दिवसात उरकतं. पण ती आता आपली आहे हे आपल्याच इतर जहाजांना आणि विमानांना कळवणं, कळलं की नाही ते तपासणं, ती कुठे आहे यावर किनाऱ्यावरून लक्ष ठेवणं आणि गरज संपली की तिला मोकळं करणं, हे सगळं कंटाळवाणं कारकुनी काम आहे. त्यात कुणाला पदक मिळत नाही. नेमकं तेच राहून जातं आणि माणसं मरतात ती बहुतेक तिथेच. हे काम करायची तयारी नसेल तर सरकारने टगवर तोफ बसवू नये. तिला टगच राहू द्यावं आणि तिची ओढण्याची ताकद तेवढी भाड्याने घ्यावी.

उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. १९७१ मध्ये बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीला स्वतःचं आरमार हवं होतं. भारताने कलकत्ता बंदराच्या कामातल्या दोन साध्या बोटी दिल्या. बांगलादेशातल्या लिखाणात त्यांचा उल्लेख टग म्हणूनच येतो. कलकत्त्याच्या गार्डन रीच गोदीत त्यांच्यावर ४० मिलिमीटरच्या बोफोर्स तोफा चढल्या, पाणसुरुंग टाकण्याची सोय झाली आणि त्यांच्या ‘पद्मा’ व ‘पलाश’ या गनबोटी झाल्या. खलाशी बरेचसे पाकिस्तानी नौदल सोडून आलेले बंगाली होते. या सगळ्या गुप्त कारवाईची सूत्रं ज्यांच्या हाती होती ते कमांडर मोहन नारायण राव सामंत मराठी होते. त्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. महाराष्ट्रात त्यांचं नाव जितकं घेतलं जायला हवं तितकं घेतलं जात नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

या दोन बोटींनी काम चोख केलं. नोव्हेंबरमध्येच त्यांनी मोंगला बंदराच्या वाटेवर सुरुंग पेरले होते. डिसेंबरमध्ये उघड युद्ध सुरू झाल्यावर त्या ‘आयएनएस पनवेल’सोबत (हो, आपल्या रायगडातल्या पनवेलच्याच नावाची) नदीमार्गाने आत घुसल्या. १० डिसेंबरला मोंगला ओलांडून त्या खुलन्याजवळ पोहोचल्या. तिथे वरून विमानं आली. विमानं भारतीय हवाई दलाची होती. बोटींची ओळख पटावी म्हणून वरच्या भागाला पिवळा रंग दिला होता आणि हवाई दलाला तसं कळवलंही होतं, असं त्या मोहिमेतल्यांच्या आठवणींत येतं. तरीही बॉम्ब पडले. पद्मा आणि पलाश दोन्ही गेल्या. पलाशच्या इंजिनरूममधले मोहम्मद रुहुल अमीन बोट सोडायला तयार नव्हते. शेवटी पाण्यात उडी घेऊन काठाला लागले, तेव्हा पाकिस्तानी लष्कराच्या बाजूच्या स्थानिक रझाकारांनी त्यांना मारलं. ‘बीर श्रेष्ठ’ हा बांगलादेशाचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळालेल्या सात वीरांपैकी नौदलाचे ते एकटे.

या प्रसंगाबद्दल आपण शौर्याच्या भाषेत बोलतो आणि ते योग्यच आहे. पण शौर्याची भाषा एक प्रश्न झाकून टाकते. वैमानिकाला वरून काय दिसलं असेल? शत्रूच्या ताब्यातल्या नदीत, शत्रूच्या बंदरासमोर, तोफा असलेल्या दोन छोट्या बोटी. भारतीय नौदलाच्या कुठल्याही ओळखचित्रात न बसणाऱ्या, कारण त्या मुळात नौदलाच्या नव्हत्याच. अशा वेळी पिवळा रंग हा एकच धागा उरतो. आणि तो रंग कुणासाठी आहे हे उड्डाण करणाऱ्या प्रत्येकापर्यंत, त्या दिवशी, त्या तासाला पोहोचलेलं असेल तरच तो धागा टिकतो. बोटीला तोफ देणारा विभाग आणि वैमानिकाला लक्ष्य देणारा विभाग एका टेबलावर बसत नसतील, तर कितीही पिवळा रंग फासा.

हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं. बरोबर तीस वर्षं मागे जा, डिसेंबर १९४१. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा रॉयल इंडियन नेव्हीकडे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या भारतीय नौदलाकडे, लढाऊ म्हणण्याजोगी जहाजं बोटांवर मोजण्याइतकी होती, म्हणून किनाऱ्यावरच्या व्यापारी बोटी घेऊन गस्तीला आणि सुरुंग काढायला लावल्या होत्या. त्यातलीच एक ‘प्रभावती’. लखदीवच्या (आजच्या लक्षद्वीपच्या) समुद्रात ती दोन लायटर, म्हणजे बार्जसारखे माल वाहायचे सपाट पडाव, सोबत घेऊन कराचीकडे निघाली होती. म्हणजे नावाला गस्ती नौका, काम टगचं. जपान युद्धात उतरून जेमतेम दिवस-दोन दिवस झाले होते, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे जपानी पाणबुड्या नाचत होत्या. ब्रिटिश क्रूझर ‘ग्लासगो’ला रात्रीच्या अंधारात प्रभावती आणि तिच्या लगतचे लायटर मिळून एक बुटकी, लांबट आकृती दिसली. पाण्यावर आलेली पाणबुडीच, असं समजून तिने सहा इंची तोफा डागल्या. प्रभावती बुडाली.

पाणबुडी पाण्याबाहेर बुटकी आणि लांब दिसते. बार्ज सोबत घेतलेली छोटी बोटही तशीच दिसते. दिवसा, शांत पाण्यात, ओळखीच्या बंदरात या साम्याने कुणाचं बिघडत नाही. युद्धात, रात्री, भेदरलेल्या पहारेकऱ्याच्या दुर्बिणीत ते जीवघेणं ठरतं. मग त्या पाण्यातून आपली एक बोट आज रात्री ओढकाम करत जाणार आहे, ही खबर क्रूझरच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या कक्षात, असायला हवी होती. तोफा डागणाऱ्या अधिकाऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याने जे पाहिलं त्यावर तो वागला. त्याला पाहायला मदत करणारा कागद कुठे होता, हे विचारायला हवं.

आता तिसरी बोट. हिच्यावर शत्रूनेही गोळी झाडली नाही आणि मित्रानेही नाही, म्हणून तिचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं.

‘कोनेस्टोगा’ १९०४ मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या स्पॅरोज पॉइंटला बांधली गेली. एका रेल्वे कंपनीची ही टग, १७० फूट लांब. काम कोळशाचे बार्ज ओढण्याचं. अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या महायुद्धात उतरली तेव्हा नौदलाने खाजगी बोटी घेण्याचा एकच सपाटा लावला. श्रीमंतांच्या यॉट, मासेमारी बोटी, टग, जे हाती लागेल ते. त्यांना ‘सेक्शन पेट्रोल’ म्हणजे विभागीय गस्तीचे नंबर दिले गेले. कोनेस्टोगा सप्टेंबर १९१७ मध्ये विकत घेतली गेली आणि तिचा नंबर पडला एसपी-११२८. युद्धात ती अटलांटिक किनाऱ्यावर ओढकाम करत होती, अटलांटिकमधल्या बर्म्युडा आणि अझोर्स बेटांपर्यंत ताफ्यांसोबत जात होती, अझोर्सच्या आसपास गस्त घालत होती, नादुरुस्त जहाजं ओढून आणत होती. म्हणजे गस्ती नौका म्हणून नोंद असली तरी तिचा खरा उपयोग तिच्या इंजिनाचा आणि दोरखंडाचाच झाला.

युद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबलं. कोनेस्टोगा न्यूयॉर्कला परतली ती सप्टेंबर १९१९ मध्ये. त्यानंतर तिला विकून टाकता आलं असतं. बंदरात कामाला लागली असती, चांगली नांदली असती. पण नौदलाला वस्तू सोडवत नाही. आधी नॉरफोकला बंदरातली टग म्हणून ठेवली, मग १९२० मध्ये तिला नवा नंबर दिला, एटी-५४, आणि पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआत कायमच्या मुक्कामासाठी धाडायचं ठरवलं. किनाऱ्यालगत कोळसा ओढायला बांधलेली, सतरा वर्षांची बोट, अर्धी पृथ्वी ओलांडून! नोव्हेंबर १९२० मध्ये ती निघाली, जानेवारीत सॅन डिएगोला लागली, फेब्रुवारीत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मेअर आयलंडला दुरुस्तीसाठी आली. २५ मार्च १९२१ रोजी तिने पर्ल हार्बरच्या दिशेने नांगर उचलला. बोटीवर ५६ माणसं होती. पुन्हा कुणाला दिसली नाही.

शोध झाला, आणि त्या काळाच्या मानाने प्रचंड झाला. जहाजं गेली, विमानं गेली. शोधलं कुठे? आधी हवाईच्या आसपास, जिथे ती पोहोचायला हवी होती. मग मे महिन्यात मेक्सिकोच्या मंझानियोच्या पुढे खुल्या समुद्रात एका जहाजाला ‘सी’ अक्षर असलेली एक जीवरक्षक होडी तरंगताना सापडली, म्हणून तिकडे. ३० जूनला नौदलाने बोट आणि सगळी माणसं गेल्याचं जाहीर केलं. त्यानंतर जवळजवळ अठ्ठ्याऐंशी वर्षं काहीच नाही. २००९ मध्ये समुद्रतळाच्या सर्वेक्षणात सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या फॅरलॉन बेटांजवळ एक अनोळखी सांगाडा दिसला. पुढे कॅमेरे खाली सोडून तपास झाला आणि मार्च २०१६ मध्ये जाहीर झालं, की ही कोनेस्टोगा. बेटापासून तीनेक मैल, १८९ फूट पाण्यात. निघाल्यादिवशीच सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या तोंडाशी, गोल्डन गेटपाशी, वारा आणि समुद्र खवळला होता, आणि ती बहुधा त्या बेटाच्या आडोशाला जायचा प्रयत्न करताना बुडाली, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

म्हणजे बोट बुडाली जवळजवळ बंदराच्या उंबऱ्यावर आणि शोध चालला हजारो मैल पलीकडे. तिने बंदर सोडल्यावर पहिल्या रात्री ती कुठे आहे, हे विचारणारं कुणी असतं, तर शोधाची सुरुवात कुठून करायची हे तरी कळलं असतं. युद्धनौका ताफ्यात फिरतात, त्यांच्या मागेपुढे कुणीतरी असतं, त्यांच्या संदेशांची वाट पाहिली जाते. एकट्या टगची वाट कोण पाहतं? तिच्या जुन्या रेल्वे कंपनीचा मुकादम मात्र पाहत असणार, कारण संध्याकाळी बार्ज आलं नाही की त्याचा कोळसा अडतो. नौदलात गेल्यावर तिचा तो मुकादम गेला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही.

सांगाडा ओळखायला जी खूण सगळ्यांत उपयोगी पडली ती नाळेवरची तीन इंची तोफ. त्या तोफेला आयुष्यात दुसरं काही काम पडलं असेल असं मला वाटत नाही.

तोफेबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सरकारी मनाला तिची फार हौस. टगची रचना ओढण्यासाठी असते. ओढदोर बांधायची जागा बोटीच्या मध्याजवळ असते, म्हणजे दोर ताणलेला असतानाही बोट वळू शकते; दोर बाजूंवर मोकळा फिरावा म्हणून मागचा भाग मुद्दाम पाण्याला टेकलेला ठेवतात. बंदरात हे उत्तम. मोठ्या लाटांच्या समुद्रात मागच्या डेकवर सतत पाणी येतं. त्यात तुम्ही उंचावर तोफ चढवता, दारूगोळा भरता, बिनतारी यंत्राची खोली उभारता, आणि मूळच्या मूठभर खलाशांच्या जागी कितीतरी पट माणसं कोंबता. वजन वाढतं आणि वरच्या बाजूला वाढतं. बोट तीच, पण तिचा तोल तो राहत नाही.

आणि त्या तोफेने साधायचं काय? टग ताशी दहा-बारा सागरी मैलांनी जाते. पहिल्या महायुद्धातल्या बहुतेक मोठ्या जर्मन पाणबुड्याही पाण्यावर तिच्यापेक्षा वेगवान होत्या. २१ जुलै १९१८ रोजी अमेरिकेच्या केप कॉडवर ऑर्लीन्स गावासमोर जर्मन पाणबुडी यू-१५६ ने ‘पर्थ अँबॉय’ नावाची साधी, बिननौदलाची टग आणि तिचे चार बार्ज झोडपून काढले. काही गोळे थेट किनाऱ्यावर येऊन पडले. त्या पाणबुडीवर १५ सेंटिमीटरच्या तोफा होत्या. टगवर तीन इंची तोफ असती तर फार तर सगळे आणखी लवकर मेले असते. (गंमत अशी, की ही यू-१५६ सुद्धा मूळची मालवाहू पाणबुडी म्हणून योजलेली होती आणि नंतर लढाईसाठी बदललेली.) टगचं खरं शस्त्र तिचा ओढायचा हूक आणि दोरखंड. सुरुंग काढायचा तर पाण्याखालून जड तार ओढावी लागते, त्याला टगचं इंजिन हवं. टॉर्पेडो लागलेलं जहाज बंदरात आणायचं तर टगच हवी. बंदराच्या तोंडावरचं जाळं उघडायला-मिटायलाही तीच. यातल्या एकाही कामाला नाळेवरची तोफ लागत नाही. तरी ती बसते, कारण तोफ बसली की अहवालात गस्ती नौकांची संख्या एकने वाढते.

परत न करण्याची किंमत फक्त कोनेस्टोगानेच मोजली असं नाही. ‘जिप्सम क्वीन’ ही न्यूयॉर्कची टग फ्रान्समध्ये सुरुंग काढायला गेली. युद्ध थांबून साडेपाच महिने उलटले होते. एप्रिल १९१९ मध्ये ‘कोर्टनी’ आणि ‘जेम्स’ या मासेमारी बोटींपासून बनवलेल्या दोन गस्ती नौका ब्रेस्टजवळ वादळात बुडत होत्या. त्यांच्या मदतीला गेलेली जिप्सम क्वीन आर्मेन दीपगृहापाशी खडकावर आपटली आणि माणसांसकट गेली. त्या दोन बोटीही गेल्या. शत्रू नाही, सुरुंग नाही, गोळीबार नाही. उसन्या आणलेल्या तीन बोटी, शांततेच्या काळात, एकमेकींना वाचवताना. आपल्याकडे लग्नाला शेजाऱ्यांची पातेली आणतात ती तिसऱ्या दिवशी घासून परत जातात, कारण प्रत्येकावर मालकाचं नाव कोरलेलं असतं आणि वहिनींच्या लक्षात कोणतं कुणाचं हे पक्कं असतं. सरकारी लग्नाला तसं कुणी लक्षात ठेवणारं नसतं.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: युद्धात गोंधळ असतोच, आणि अस्सल युद्धनौकांनाही आपल्यांचाच मार बसतो. खरं आहे. मे १९४१ मध्ये ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा पाठलाग चालू असताना ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या ब्रिटिश विमानांनी ‘शेफिल्ड’ या ब्रिटिश क्रूझरवरच टॉर्पेडो सोडले. टॉर्पेडोचा स्फोट घडवणारे खटके सदोष निघाले म्हणून शेफिल्ड वाचली. पण या गोष्टीतली मेख बघा. शेफिल्ड त्या भागात आहे, हे वैमानिकांना सांगितलंच गेलं नव्हतं. तो संदेश वेळेत त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. म्हणजे घोळ पुन्हा संदेशाचाच. फरक इतकाच, की ते जहाज नौदलाचं होतं, त्याची आकृती वैमानिकांनी शिकलेली होती, त्यामुळे काहींनी ओळखून शेवटच्या क्षणी हात आवरला. प्रभावतीला, पद्माला, पलाशला तेवढीही सवलत नव्हती. ज्या बोटीकडे ओळखीची आकृती नाही तिच्यासाठी संदेशाची व्यवस्था दुप्पट काटेकोर हवी. प्रत्यक्षात ती निम्मीही नसते.

कायदा तरी काय वेगळं सांगतो? व्यापारी जहाजाची युद्धनौका करण्याबाबत १९०७ मध्ये हेगला एक स्वतंत्र करार झाला. जहाज थेट सरकारच्या हुकमाखाली हवं, त्यावर युद्धनौकेच्या बाह्य खुणा हव्यात, कप्तान रीतसर नेमलेला हवा, खलाशी लष्करी शिस्तीत हवेत, आणि हा बदल शक्य तितक्या लवकर युद्धनौकांच्या यादीत जाहीर व्हावा. सगळ्या अटींचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: बोट काय आहे हे सगळ्यांना कळू द्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या हेग करारात किनाऱ्यावर फक्त मासेमारी करणाऱ्या बोटींना युद्धात जप्तीपासून सूट दिली आहे. मात्र त्या लढाईत भाग घेऊ लागल्या की सूट संपते, आणि त्यांचं निरुपद्रवी रूप तसंच ठेवून त्यांना लष्करी कामाला लावायचं नाही, असंही राष्ट्रांनी त्यात कबूल केलं आहे.

हे वाक्य कोकण किनाऱ्यावर वाचण्यासारखं आहे. १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडी आणि दिघीला आरडीएक्स उतरलं, मुंबई हादरली. त्यानंतर महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झालं आणि किनाऱ्याजवळच्या पट्ट्यातली गस्त भाड्याने घेतलेल्या मासेमारी ट्रॉलरवर नौदल, पोलिस आणि कस्टमची माणसं बसवून चालवली गेली. तात्पुरती सोय म्हणून मला ती मान्य आहे. पण बोट मासेमाराची, तिच्यावर तीन खात्यांचे लोक, आणि दुरून पाहणाऱ्याला शेजारच्या शंभर ट्रॉलरपेक्षा वेगळं काहीच दिसत नाही, अशी ती सोय होती. तरीही २००८ मध्ये दहा दहशतवादी याच किनाऱ्याने आले, आणि आले ते ‘कुबेर’ या पोरबंदरच्या मासेमारी बोटीतून. शत्रूला आपल्या बोटीची ओळख घालून फिरता आलं. मुंबईतल्या मच्छीमार नगरच्या कोळ्यांनी उतरताना त्यांना पाहिलं, हटकलं. पण त्या पाहण्याला पुढे सरकायला वाट नव्हती.

ओळखीचा घोळ उलट्या बाजूनेही होतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या सैनिकांनी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीला चाच्यांची समजून गोळीबार केला आणि दोन मच्छीमार गेले. नोव्हेंबर २००८ मध्ये एडनच्या आखातात आपल्याच ‘आयएनएस तबर’ने चाच्यांची बोट समजून जी बुडवली ती पळवून नेलेली थायलंडची मासेमारी बोट निघाली, तिच्यावर ओलीस धरलेले खलाशी होते. खुद्द नौदलाचा अनुभव असा असताना, किनाऱ्यावर हजारो मच्छीमारांना ‘नौदलाचे डोळे आणि कान’ म्हणणं, सागर सुरक्षा दलांत त्यांची नावं घालणं आणि त्यापलीकडे फारसं काही न करणं हे मला बेजबाबदारपणाचं वाटतं. डोळे आणि कान व्हा म्हणायचं असेल तर त्यांच्याकडून आलेली खबर कुणी, किती वेळात उचलायची हे आधी ठरलेलं असावं. आणि युद्ध आलंच, तर त्या बोटींचं मासेमार म्हणून असलेलं संरक्षण आपण काढून घेत आहोत की नाही, हे त्या माणसांना मराठीत, स्पष्ट सांगितलेलं असावं.

२६/११ नंतर बरंच काही झालं, हे मान्य करायलाच हवं. बोटींची एकसारखी नोंदणी, मच्छीमारांना ओळखपत्रं, राज्यागणिक बोटींना ठरावीक रंग. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच कार्यक्रमात, मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे एक लाख ट्रान्सपाँडर टप्प्याटप्प्याने बसवण्याची, सुमारे ३६० कोटींची योजना सुरू झाली. कल्पना उत्तम आहे. कोनेस्टोगावर असं यंत्र असतं तर निदान ती कुठे बुडाली हे त्याच आठवड्यात कळलं असतं. पण यंत्र बोटीवर बसलं म्हणजे ओळख झाली असं नाही. पलाशवरही पिवळा रंग होताच. मासेमाराने रात्री दोन वाजता पाठवलेला संदेश तटरक्षक दलाकडे, सागरी पोलिसांकडे आणि त्या रात्री त्या पट्ट्यात असलेल्या नौदलाच्या जहाजाकडे एकाच वेळी दिसतो का? मत्स्यव्यवसाय खात्यातला नोंदणीचा तक्ता आणि जहाजाच्या ब्रिजवरचा पडदा एकमेकांशी बोलतात का? विधानसभेत बोटींची संख्या आणि निधीचे आकडे विचारले जातात. हे विचारलं जायला हवं.

आणि पुढच्या युद्धात बंदरांतल्या टग, गाड्या वाहणाऱ्या रो-रो बोटी, ट्रॉलर पुन्हा घेतले जातील, यात शंका बाळगायचं कारण नाही. म्हणून नियम आधी लिहून ठेवावेत. घेताना करारात परत करण्याची तारीख असावी आणि मुदत वाढवायची तर नव्याने सही व्हावी. बोट ज्या पाण्यासाठी बांधली आहे त्यापलीकडे तिला पाठवायची असेल तर तोलाची तपासणी करणाऱ्या अभियंत्याची लेखी संमती असावी, आणि ती नाकारण्याचा त्याला अधिकार असावा. तिच्यावर तोफ बसणार असेल, तर त्या पट्ट्यात उडणाऱ्या आणि फिरणाऱ्या प्रत्येक दलाकडून ‘आम्हाला कळलं’ अशी सही आल्याशिवाय तिने धक्का सोडू नये. मूळचा सारंग आणि तांडेल सोबत जाणार असतील तर त्यांना गणवेशातल्या खलाशाइतकंच निवृत्तिवेतन आणि भरपाई मिळावी. यातल्या कशालाही नवी यंत्रणा लागत नाही. नौदलाकडे, तटरक्षक दलाकडे आणि बंदर प्राधिकरणांकडे हे करणारी माणसं आजही आहेत. त्यांना एका खोलीत बसवायचा आदेश मात्र शांततेतच निघायला हवा.